स्वयंशिक्षित अमूर्त चित्रकार

कलाशाळेचा पदविका किंवा पदवी अभ्यासक्रम पूर्ण न करता, स्वतःच्या निरीक्षणातून, वाचनातून, प्रदर्शने पाहून आणि मुख्यतः प्रत्यक्ष कामातून चित्रकला आत्मसात करणाऱ्या आणि वस्तूंच्या हुबेहूब चित्रणाऐवजी रंग, आकार, पोत व अवकाश यांतूनच चित्र घडविणाऱ्या कलावंतास स्वयंशिक्षित अमूर्त चित्रकार म्हणतात. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, विसाव्या शतकाच्या मध्यास आधुनिक चित्रकलेची जी चळवळ उभी राहिली तिच्यात अशा व अर्धशिक्षित कलावंतांचा वाटा मोठा आहे. त्यांतील बहुतेकांना उपजीविकेसाठी दीर्घकाळ दुसरा व्यवसाय करावा लागला. त्या व्यवसायातून पूर्णवेळ चित्रकलेकडे येण्याचा त्यांचा प्रवास हा या लेखाचा मुख्य विषय असून कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थितीचा विचार त्या अनुषंगाने केला आहे.

संज्ञा

‘स्वयंशिक्षित’ याचा अर्थ ‘अशिक्षित’ असा नव्हे. गुरूशिवाय कोणी शिकत नाही. स्वयंशिक्षित चित्रकाराचे गुरू अनेक आणि विखुरलेले असतात, एवढेच. एखादा समीक्षक, एखादा जाणता संग्राहक, परदेशी चित्रकारांच्या पुस्तकांतील छापील चित्रे, शेजारच्या खोलीत काम करणारा मित्र हे त्याचे वर्ग होत. परंपरेने आलेली कला शिकणारा कलावंत मात्र या संज्ञेत बसत नाही. वारली चित्रे काढणारे जिव्या सोमा म्हसे कलाशाळेत गेले नव्हते, तसेच सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी कलावंतही गेले नव्हते. परंतु त्यांच्यामागे समाजाने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली एक पूर्ण शिस्त होती. स्वयंशिक्षित आधुनिक चित्रकाराला ही शिस्त आयती मिळत नाही. ती त्याला स्वतः उभारावी लागते, आणि बरीचशी धडपड त्यातच खर्ची पडते.

‘अमूर्त’ ही संज्ञाही सर्व चित्रकारांना मान्य नाही. वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणत नसत. कोणत्याही वस्तूवरून न आलेली अशा अर्थाची वेगळी संज्ञा ते वापरीत. भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. निसर्गदृश्य पाहून त्यातील तपशील कमी करीत जाणे ही एक वाट आणि दृश्याचा आधारच न घेणे ही दुसरी. राम कुमार यांची वाराणसीची चित्रे पहिल्या वाटेची, तर गायतोंडे यांची उत्तरकालीन चित्रे दुसऱ्या वाटेची होत.

जागतिक पार्श्वभूमी

अमूर्त चित्रकलेचा इतिहास सांगताना वासिली कांडिन्स्की, काझिमिर मालेविच, पीट माँद्रियान व अलीकडे हिल्मा अफ क्लिंट यांची नावे घेतली जातात. यांपैकी कांडिन्स्की यांचे उदाहरण व्यवसाय सोडण्याच्या संदर्भात नेहमी दिले जाते. मॉस्कोत कायदा व अर्थशास्त्र शिकलेल्या या अभ्यासकाने १८९६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, विद्यापीठातील अध्यापनाची संधी नाकारून म्यूनिकची वाट धरली. तेथे त्यांनी रीतसर शिक्षणच घेतले हे मात्र पुष्कळदा सांगितले जात नाही. खऱ्या अर्थाने स्वतः शिकलेला म्हणून आंरी रूसो यांचा उल्लेख करावा लागेल. पॅरिसच्या जकात खात्यातील नोकरी त्यांनी १८९३ मध्ये सोडली, तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. त्यांची चित्रे अमूर्त नव्हती, पण कलाशाळेबाहेरच्या चित्रकाराकडे गांभीर्याने पाहण्याची सवय युरोपला लावण्यात त्यांचा वाटा आहे. भारतात हे काम रवींद्रनाथ टागोर यांनी केले. हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी जोडता जोडता आकार काढू लागलेल्या या कवीचे पहिले चित्रप्रदर्शन १९३० मध्ये पॅरिस येथे भरले, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठत आणली होती.

महाराष्ट्रातील कलाशिक्षणाची चौकट

मुंबईतील सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. पुढे नागपूर, पुणे, कोल्हापूर इत्यादी ठिकाणी कलाशाळा निघाल्या. शालेय पातळीवर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेतल्या जातात आणि खेडसारख्या तालुक्याच्या गावातील मुलाची चित्रकलेशी पहिली औपचारिक ओळख याच परीक्षांतून होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असा त्यांचा ठरलेला आराखडा आहे. त्यातून हात वळतो, हे निर्विवाद. अलीकडे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळत असल्याने परीक्षार्थींची गर्दीही वाढली आहे. त्यांतील किती जणांच्या हाती दहावीनंतर कुंचला राहतो हा प्रश्न कोणत्याही कलाशिक्षकाला विचारावा.

या चौकटीचा एक परिणाम असा की, ‘चांगले चित्र’ म्हणजे हुबेहूब चित्र ही समजूत शाळेतच पक्की होते. अमूर्ताकडे वळणाऱ्या स्वयंशिक्षित तरुणाला ती आधी स्वतःच्या मनातून आणि मग घरातल्या माणसांच्या मनातून काढावी लागते. पहिले काम कठीण, दुसरे त्याहून कठीण.

मुंबईतील पूर्वसूरी

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, कृष्णाजी हौलाजी आरा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे त्याचे सहा संस्थापक. या सहा जणांची शैक्षणिक पार्श्वभूमी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. रझा व बाकरे कलाशाळेत शिकलेले; सूझा यांना जे. जे. कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन चित्रपटांचे मोठे फलक रंगवून पोट भरीत आणि त्यांचे शिक्षण बव्हंशी त्याच फलकांवर झाले. गाडे विज्ञानाचे पदवीधर. आणि आरा यांचे शिक्षण म्हणावे असे काही नव्हतेच.

आरा यांचा जन्म १९१४ मध्ये सिकंदराबादजवळील बोलारम येथे झाला. लहानपणीच ते मुंबईत आले, घरगडी म्हणून राहिले, मोटारी धुण्याचे काम केले. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला. फावल्या वेळात ते चित्रे काढीत. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या नजरेस ही चित्रे पडली. लायडन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर व संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघेही नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले. त्यांच्या घरी तरुण चित्रकारांना युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती पाहायला मिळत, चर्चा होत आणि अधूनमधून एखादे चित्र विकतही घेतले जाई. जे. जे. कलाशाळेच्या अभ्यासक्रमात नसलेले सेझान व मातीस आरांना भेटले ते असे. १९४२ मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, १९५२ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. आरा अमूर्त चित्रकार नव्हेत. फुलदाण्या, स्थिरचित्रे व नग्नाकृती हे त्यांचे विषय. तरीही या लेखात त्यांचे स्थान अटळ आहे, कारण घरकामापासून पूर्णवेळ चित्रकारापर्यंतचा प्रवास मुंबईत करून दाखविणारे ते ठळक उदाहरण होय. पुढे आर्टिस्ट्स सेंटर या संस्थेच्या कामातून त्यांनी अनेक नवोदितांना प्रदर्शनासाठी जागा मिळवून दिली. ज्याला दार उघडून मिळाले त्याने ते दुसऱ्यांसाठी उघडे धरले, असे क्वचितच घडते. १९८५ मध्ये ते मुंबईत निवर्तले.

गाडे यांचा जन्म १९१७ मध्ये अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे झाला. विज्ञान शिकल्यानंतर ते अध्यापनाकडे वळले आणि चित्रकलेचे औपचारिक शिक्षण त्यांनी नंतर, नागपूरच्या कलाशाळेतून घेतले. जलरंगातील निसर्गदृश्यांपासून त्यांनी सुरुवात केली. घरे, झाडे, टेकड्या यांचे रूपांतर हळूहळू रंगांच्या सपाट, भौमितिक तुकड्यांत होत गेले आणि स्वातंत्र्योत्तर काळातील आरंभीच्या अमूर्त चित्रकारांत त्यांची गणना होऊ लागली. गणिती शिस्तीचा परिणाम म्हणून त्यांच्या रचनेकडे बोट दाखविले जाते. परंतु त्यांची चित्रे पाहताना प्रथम जाणवतो तो रंग, रचना नंतर. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. सहा संस्थापकांत त्यांच्यावर सर्वांत कमी लिहिले गेले आहे, ही मराठी कलासमीक्षेतील उणीवच म्हटली पाहिजे.

स्वयंशिक्षित आणि अमूर्त या दोन्ही कसोट्यांना सर्वांत जवळ जाणारे मुंबईतील नाव बाळ छाबडा यांचे आहे. ते चित्रपट व्यवसायातून आले. हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता यांच्या सहवासात त्यांनी कुंचला हाती घेतला आणि आकृती व अमूर्त यांच्या सीमेवरची, रंगाच्या जाड थरांची चित्रे काढली. १९५९ मध्ये भुलाभाई देसाई संस्थेच्या आवारात त्यांनी ‘गॅलरी ५९’ सुरू केली. आधुनिक चित्रांसाठी वेगळे दालन ही कल्पनाच तेव्हा मुंबईत नवी होती. चित्रे विकत घेणारा, दाखविणारा आणि काढणारा असा एकच मनुष्य असणे हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते. बाजार नव्हता म्हणून मैत्रीने बाजाराचे काम केले. वॉर्डन रोडवरील ही भुलाभाई संस्था स्वतंत्र लेखाचा विषय आहे. चित्रकार, नर्तक, रविशंकरांसारखे वादक व इब्राहिम अल्काझींसारखे नाट्यकर्मी एकाच छपराखाली, नाममात्र भाड्यात काम करीत. कलाशाळेबाहेरच्या माणसाला याहून चांगली शाळा मिळाली नसती.

नोकरी आणि चित्र

पूर्णवेळ चित्रकार होणे म्हणजे एके दिवशी राजीनामा देणे, असे चरित्रांतून वाटते. प्रत्यक्षात राजीनाम्यापूर्वीची दहा-पंधरा वर्षे निर्णायक असतात. कृष्ण खन्ना यांचे उदाहरण बोलके आहे. ते ग्रिंडलेज बँकेत अधिकारी होते आणि बँकेच्या नोकरीतच मुंबईस असताना प्रोग्रेसिव्ह चित्रकारांशी त्यांचा स्नेह जडला. चित्रकला त्यांनी मुख्यतः स्वतःच कमावली. १९४८ च्या सुमारास सुरू झालेली ही नोकरी त्यांनी १९६१ मध्ये सोडली. म्हणजे सुमारे तेरा वर्षे ते सकाळी बँकेत आणि उरलेल्या वेळात चित्रफलकासमोर होते. राजीनामा दिला तेव्हा त्यांची प्रदर्शने देशात व परदेशांत झालेली होती. राम कुमार हे अर्थशास्त्राचे पदवीधर. त्यांनीही आरंभीच बँकेची नोकरी सोडली, परंतु त्यानंतर ते पॅरिसला जाऊन आंद्रे लोत व फेर्नां लेजे यांच्याकडे शिकले. त्यांना म्हणूनच पूर्णतः स्वयंशिक्षित म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील अमूर्त चित्रकारांच्या बाबतीत एका शासकीय योजनेने आडवाटेने फार मोठे काम केले. स्वातंत्र्यानंतर हातमाग उद्योगासाठी विणकर सेवा केंद्रे स्थापन झाली आणि पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने तेथे चित्रकारांना नक्षीकार म्हणून नेमण्यात आले. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे आणि रायगड जिल्ह्यातील नागावचे प्रभाकर बरवे या दोघांनी तेथे नोकरी केली. दोघेही जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, तेव्हा ते स्वयंशिक्षित नव्हेत. परंतु ठरावीक पगार, कलेशी नाते तोडावे न लागणारे काम आणि संध्याकाळ मोकळी, ही रचना पुढे अनेकांना अनुकरणीय वाटली. बरवे वाराणसीला बदलून गेले, तेथील तांत्रिक प्रतिमांचा प्रभाव त्यांच्या त्या काळातील चित्रांवर स्पष्ट दिसतो. म्हणजे नोकरीतील बदलीनेही चित्रकार घडतो. अंबादास १९६३ मध्ये दिल्लीत प्रदर्शन भरविणाऱ्या ‘ग्रुप १८९०’चे सदस्य होते आणि पुढे नॉर्वेला स्थायिक झाले. बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत चित्रकाराने स्वतःच्या निर्मितीप्रक्रियेविषयी लिहिलेल्या मोजक्या पुस्तकांपैकी असून स्वतः शिकू पाहणाऱ्याने ते वाचल्यावाचून राहू नये.

सिंधुदुर्गातील नेरूरपार येथे १९४६ मध्ये जन्मलेले प्रभाकर कोलते यांनी जे. जे. कलाशाळेत दोन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले आणि १९९४ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ चित्रे काढू लागले. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. या सर्वांच्या विरुद्ध टोकाला गायतोंडे उभे आहेत. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या, गिरगावच्या चाळीत वाढलेल्या या चित्रकाराने आयुष्याचा बहुतेक काळ नोकरीविना, केवळ चित्रांवर काढला. गरजा कमी करणे हा त्यांचा मार्ग होता. १९५७ मध्ये टोकियोत पारितोषिक, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री असे मानसन्मान मिळूनही ते वर्षाला मोजकीच चित्रे करीत आणि पुढे दिल्लीत एकांतात राहिले. त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यांचे एक चित्र मुंबईतील लिलावात तेवीस कोटी रुपयांहून अधिक किमतीस विकले गेले. ही रक्कम वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरांत छापली जाते. ती चित्रकाराच्या हाती पडलेली नव्हती, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

सदानंद बाकरे आणि मुरुड

प्रोग्रेसिव्ह चित्रकारांपैकी रत्नागिरी जिल्ह्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते सदानंद बाकरे. १९२० मध्ये बडोद्यात जन्मलेले बाकरे जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकले; संस्थापकांत ते एकमेव शिल्पकार होते. १९५१ मध्ये ते लंडनला गेले आणि सुमारे पाव शतक तेथे राहिले. चित्रकलेचे शिक्षण न घेतलेले बाकरे तेथे शिल्पाबरोबर चित्रेही करू लागले. जाड काळ्या रेषांनी विभागलेले रंगाचे ठोकळे, इमारतींच्या आकारांवरून आलेल्या पण इमारती न राहिलेल्या रचना हे त्या चित्रांचे रूप. शिल्पकाराच्या हाताने काढलेली ही चित्रे आहेत हे सांगावे लागत नाही. उपजीविकेसाठी कलेबाहेरची कामे करून त्यांनी हे सारे निभावले.

१९७५ मध्ये ते भारतात परतले ते मुंबईस नव्हे, तर दापोली तालुक्यातील मुरुड-हर्णै येथे. खेडहून दापोलीमार्गे समुद्रकाठी गेले की हे गाव लागते. महर्षी कर्वे यांचे बालपण ज्या मुरुडात गेले तेच हे मुरुड. कर्व्यांचा जन्म मात्र खेड तालुक्यातील शेरवलीचा. तेथे बाकरे तीस वर्षांहून अधिक काळ कलाविश्वापासून दूर राहिले. २००४ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला आणि डिसेंबर २००७ मध्ये मुरुड येथेच त्यांचे निधन झाले. रझा व हुसेन यांच्या चित्रांच्या किमती त्या वर्षांत गगनाला भिडत होत्या. त्याच गटाचा एक संस्थापक जिल्ह्यात राहतो हे जिल्ह्यातील किती शाळांना ठाऊक होते, याचे उत्तर फारसे अभिमानास्पद नसावे.

साधनांचे ज्ञान

अमूर्त चित्र काढणे सोपे असते आणि म्हणून न शिकलेले लोक तिकडे वळतात, हा समज सर्वत्र आढळतो. हुबेहूब चित्रात चूक दाखविता येते. अमूर्तात चूक कशाला म्हणायचे हेच चित्रकाराला ठरवावे लागते, आणि ज्याने ते ठरविले नाही त्याची चित्रे तिसऱ्या-चौथ्या प्रदर्शनात एकमेकांसारखी दिसू लागतात. रंगचक्र, छटांची तुलना, रचनेतील तोल हे स्वयंशिक्षिताला पुस्तकांतून व सरावातून साधते. खरी उणीव राहते ती साधनांच्या ज्ञानात, कारण ती कारागिरी पाहूनच शिकावी लागते.

तैलरंगाचे उदाहरण घ्यावे. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाण्यासारखा वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून तो घट्ट होतो आणि त्यास काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत अवधी लागतो. खालच्या थरात तेल अधिक आणि वरच्या थरात कमी पडले, तर वरचा थर आधी कडक होतो व खालचा हलत राहतो, मग चित्राला तडे जातात. म्हणून खाली टर्पेंटाइन घातलेला पातळ रंग आणि वर क्रमाने तेलकट रंग असा नियम आहे. थरांवर थर चढविणाऱ्या अमूर्त चित्रकाराला हा नियम सर्वाधिक लागू पडतो. गायतोंडे रूळ व सुरी वापरून रंग चढवीत, खरवडीत, पुन्हा चढवीत; दोन थरांमध्ये थांबण्याचा त्यांचा संयम हा त्यांच्या तंत्राचाच भाग होता. कॅनव्हासला योग्य अस्तर दिले नाही तर तेल कापडात उतरते आणि कापड कालांतराने ठिसूळ होते. अॅक्रिलिक रंग लवकर वाळतात, त्यांना ही भीती कमी. नोकरी सांभाळून रात्री काम करणाऱ्यांत ते लोकप्रिय होण्याचे कारणही तेच. मात्र तैलरंगावर अॅक्रिलिक चढवू नये, ते धरत नाही.

कोकणात यात हवामानाची भर पडते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या भिंती ओल धरतात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासच्या मागच्या बाजूस बुरशी येते, कागद लाटेसारखा उठतो, लाकडी चौकट फुगते. चित्र भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंच आणि वारा खेळेल असे ठेवणे हाच उपाय. जगबुडीचे पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरते ही गोष्ट तर दर पावसाळ्याची. तेथे तळमजल्यावर चित्रे साठविणे म्हणजे ती गमावणे होय.

पूर्णवेळ व्यवसायाकडे

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. भाडे भरून कोणासही, निवड झाल्यास, तेथे एकल प्रदर्शन भरविता येते. त्यासाठी पदविकेची अट नाही. त्यामुळे कलाशाळेबाहेरच्या चित्रकारांना ते जवळचे वाटते. अर्ज केल्यानंतर मात्र काही वर्षे थांबावे लागते. खासगी दालनांची सुरुवात मुंबईत चौकटीच्या धंद्यातून झाली हे आज फारसे आठवले जात नाही: केकू गांधी यांचा चित्रांना चौकटी करण्याचा व्यवसाय होता, दुकानात ते तरुणांची चित्रे लावीत, आणि त्यातूनच १९६३ मध्ये गॅलरी केमोल्ड उभी राहिली. बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, ललित कला अकादमी आणि राज्य कला प्रदर्शन यांच्या वार्षिक स्पर्धांतून पहिली ओळख मिळते.

खर्चाचा हिशोब बहुतेकांचा येथेच चुकतो. चित्र विकले गेले तर खासगी दालन साधारणतः किमतीचा तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा ठेवते. कॅनव्हास, रंग, चौकट, वाहतूक, छापील पत्रिका आणि प्रदर्शनाच्या आठवड्यातील मुंबईतला मुक्काम हे सारे उरलेल्या रकमेतून भागवावे लागते. भाड्याच्या दालनात वाटा द्यावा लागत नाही, पण एकही चित्र विकले न गेल्यास सगळा खर्च चित्रकाराच्या अंगावर पडतो. पहिल्या प्रदर्शनातील खरेदीदार बहुधा नातेवाईक व सहकारी असतात. त्यांच्या भरवशावर नोकरी सोडणे धोक्याचे. अनोळखी माणसे चित्र घेऊ लागली आणि एकदा घेतलेला पुन्हा आला, तर काही पाया तयार झाला असे समजावे. किंमत चौरस इंचावर ठरविण्याची रीत नवोदितांत रूढ आहे. ती रुक्ष वाटते, पण एकदा वाढविलेली किंमत उतरविणे कठीण असल्याने सुरुवातीस तीच सुरक्षित ठरते.

कायद्याची माहिती असणे तितकेच आवश्यक आहे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार चित्र विकले तरी त्याचा स्वामित्व हक्क, लेखी करार करून दिला नसल्यास, चित्रकाराकडेच राहतो. विकत घेणाऱ्यास ते भिंतीवर लावता येते, दिनदर्शिकेवर छापता येत नाही. हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. मोबदला देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचे मात्र वेगळे आहे: करारात तसे लिहिले नसेल तर पहिला हक्क काम देणाऱ्याकडे जातो. हॉटेले व कार्यालये यांच्यासाठी मोठी अमूर्त चित्रे करणाऱ्यांची येथेच फसगत होते. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झालेल्या पुनर्विक्रीत मूळ चित्रकारास वा त्याच्या वारसांस दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूदही या कायद्याच्या ५३ अ या कलमात आहे. प्रत्यक्षात तिचा उपयोग फारसा झालेला दिसत नाही. कलाकृतीची विटंबना वा नाश झाल्यास दाद मागण्याचा हक्क ५७ व्या कलमाने दिला असून शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो ठामपणे मान्य केला.

खेड व परिसर

खेड हे कोकण रेल्वेवरील स्थानक आणि मुंबई–गोवा महामार्गावरील गाव. पन्नास वर्षांपूर्वी येथल्या मुलाला मूळ चित्र पाहायचे तर मुंबईत एखाद्या नातलगाच्या खोलीत राहून काळा घोड्याला जावे लागे. कोकणातून गिरणीत, गोदीत, कचेऱ्यांत नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांच्या खोल्या हे या दृष्टीने कोकणी चित्रकारांचे पहिले वसतिगृह होय. आता रेल्वेने सकाळी निघून दोन-तीन दालने पाहून रात्री परतता येते. जिल्ह्यातच चिपळूण तालुक्यातील सावर्डे व संगमेश्वर तालुक्यातील देवरुख येथे कला महाविद्यालये आहेत आणि देवरुखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात मूळ चित्रे जवळून पाहता येतात. छापील वा पडद्यावरील प्रतिमेत अमूर्त चित्राचा पोत, थरांची जाडी आणि खरा आकार हरवतो. स्वतः शिकणाऱ्यासाठी म्हणून अशा एका दालनाचे मोल शंभर प्रतिमांहून अधिक आहे. मराठीत वाचायचे तर बरव्यांच्या पुस्तकाबरोबर सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘गायतोंडे’ हा ग्रंथ २०१६ पासून उपलब्ध आहे. तो आकाराने मोठा व किमतीने जड असल्याने तालुक्याच्या वाचनालयाने घेऊन ठेवण्यासारखा आहे.